चौकीवरचे दोन लोटे

मुलांनो, आधी एक काम करा. केस कापायच्या दुकानात किंवा शाळेच्या संगणकखोलीत फिरणारी खुर्ची असते ना, तिच्यावर तुम्ही बसला आहात अशी कल्पना करा. पाय वर उचललेले. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली एकेक मोठी बाटली, आणि हात पंखांसारखे बाजूला पसरलेले. मागून कोणीतरी तुम्हाला हलकासा धक्का दिला. खुर्ची सावकाश फिरू लागली. भिंत, खिडकी, दार, पुन्हा भिंत. आता दोन्ही बाटल्या एकदम छातीशी ओढून घ्या.

काय झालं? घाई करू नका, मनातल्या मनात नीट बघा. भिंत, खिडकी आणि दार एकमेकांत मिसळून गेली ना? खुर्ची गरगर फिरायला लागली. दुसरा धक्का कोणीच दिला नव्हता.

हे लक्षात राहू द्या, कारण गोष्ट याचीच आहे. गोष्टीत बरंच ओंगळ आहे, आणि ते पुसून, पावडर लावून मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. किळस ही काही वाईट गोष्ट नाही. नासलेलं दूध आपण तिच्यामुळेच पीत नाही.

भूमिका सातवीत होती. भिलाईच्या सेक्टर १० मध्ये, प्लांटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या, क्वार्टरमध्ये राहायची. पप्पा भूपेंद्र प्लांटमध्ये फिटर, मम्मी ममता, आणि आजी मनकर्णा. आजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन इकडे आली आणि इकडचीच झाली. भूमिका शाळेत हिंदी बोलायची, रस्त्यावर हिंदी बोलायची, पण आजीशी मराठीच.

दर गुरुवारी संध्याकाळी हे सगळे जवळच्या कुरुदला जायचे. तिथे नव्या कॉलन्या आणि उरलेसुरले धानाचे बांध यांच्या मधे एक टिनाचं सभागृह होतं. त्यात एक महाराज बसायचे. आणि त्यांच्यासमोर ती चौकी असायची.

चौकी भूमिकाच्या पप्पांनीच केली होती. भंगारबाजारातून एक मोठं बेअरिंग आणलं, म्हणजे आत पोलादाच्या गोळ्या असलेली ती कडी, जिच्यामुळे चाक घासत नाही. ते जाड पत्र्यावर बसवलं, वर लाकडी पाट, पाटावर लाल मखमल. "बोट लावलं का फिरते," पप्पा कौतुकानं सांगायचे. "लोण्यावानी."

चौकीवर बसायची ती भूमिका. तिचे हात लांब होते. महाराजांनी आधी दोनचार मुली बसवून पाहिल्या, मग हिला बसवलं आणि जाहीर केलं, की या मुलीत देवी उतरते.

दोन पितळी लोटे सभागृहाच्या नळावर भरायचे. तोंडाला लाल फडकं बांधायचं. भूमिका मांडी घालून चौकीवर बसायची आणि एकेक लोटा धरून हात पसरायची. महाराज तिच्या खांद्यावर पंजा ठेवून चौकीला गती द्यायचे आणि मंत्र सुरू करायचे. आवाज चढत जायचा. मग ते ओरडायचे, "हाथ जोड़, बेटी!" भूमिका दोन्ही लोटे छातीशी आणायची, आणि चौकी भिंगरीसारखी सुटायची. झांजा वाजायच्या. बायका रडायच्या. देवी आली, देवी आली.

नंतर महाराज लोट्यांची फडकी सोडायचे. पाण्यात अंगठा बुडवायचे, फुंकर घालायचे, आणि ते पाणी लोकांनी आणलेल्या बाटल्यांत थोडं थोडं ओतायचे. दम्याला तेच, मूळव्याधीला तेच, नापास होणाऱ्या मुलाला तेच.

तो अंगठा भूमिकाला अगदी जवळून दिसायचा. नख वाढवलेलं, पिवळं, कडेला काळं. महाराज पूजेतसुद्धा गुटखा सोडत नसत. मंत्राच्या वेळी तो एका गालात सरकवून ठेवायचे, म्हणून गाल फुगलेला आणि शब्द ओले. फुंकर घातली की पाण्यावर बारीक लाल ठिपके पडायचे. वरून गुलाबाच्या अत्तराचा इतका मारा, की तो वास आणि गुटख्याचा वास मिळून तिसराच काहीतरी वास व्हायचा. घरी आल्यावर फ्रॉकच्या खांद्यावर महाराजांच्या पाच बोटांचे तेलकट डाग. मम्मी साबणानं घासायची, डाग फिके व्हायचे, जायचे नाहीत.

सुरुवातीला भूमिकाला हे आवडायचं, हेही सांगायला हवं. पांढऱ्या केसांच्या बाया तिच्या पाया पडायच्या. शाळेत तिला कोणी पहिल्या बाकावरसुद्धा बसवत नव्हतं.

मग आजीची सुई बंद झाली.

आजीला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागायचं, आणि ते द्यायचं काम भूमिकाचं. आजीच्या पोटाची चिमूट धरायची, सुई टोचायची, हळूच काढायची. आजी म्हणायची, "माह्या पोट्टीचा हात हलका आहे, डाक्टरपेक्षा." एका गुरुवारी महाराज आजीला म्हणाले, "माताजी, सुई टोचता आणि देवीचं पाणीही पिता? सगळी शक्ती त्या छेदातून निघून जाते." आजीनं त्याच रात्रीपासून सुई सोडली. इन्सुलिन फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी पडून राहिलं.

मम्मीनं विरोध केला तर आजी म्हणाली, "देवी कोणाच्या अंगात येते? माह्याच नातीच्या ना? मंग मी इस्वास नाही ठेवन तर कोण ठेवन?"

पुढे चपलेनं आजीच्या अंगठ्याला फोड आला. फोड फुटला, जखम झाली, आणि ती भरेचना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार आधी बजावून ठेवलं होतं की साखर असलेल्या माणसाच्या पायाची हयगय करू नका, पाय गमवायची वेळ येते. महाराजांनी मात्र त्या जखमेत राख भरली. आपल्या त्याच अंगठ्यानं, दाबून दाबून. "मरहम है ये, माताजी."

आता आजीच्या खोलीत वास येऊ लागला होता. भूमिका रोज तिच्या पायाशी बसायची. राखेखाली पिवळं ओलं दिसायचं, माशी येऊन बसायची, भूमिका ती हाकलायची. तिला त्या जखमेची किळस वाटली नाही कधी. किळस वाटायची ती राखेची.

एक दिवस शाळेत मधल्या सुटीत भूमिका आणि तिची मैत्रीण नीतू संगणकखोलीत शिरल्या. सरांची फिरणारी खुर्ची रिकामी होती. नीतू तिच्यावर बसली, गंमत म्हणून दोन हातांत दोघींची दप्तरं धरली आणि म्हणाली, "घुमा ना, यार."

भूमिकानं ढकललं. नीतू हळूहळू फिरू लागली. दप्तरं जड झाली म्हणून तिनं ती पोटाशी ओढली, आणि खुर्ची सणकन फिरली. नीतू किंचाळली, हसली, दप्तरांसकट खाली पडली.

"अरे! तेरे बाबाजी वाला चक्कर!" ती जमिनीवर बसूनच ओरडली. "मुझमें भी देवी आ गई क्या?"

भूमिका हसली नाही. "फिर से बैठ," ती म्हणाली. "इस बार हाथ मत खींचना."

नीतू बसली. हात पसरलेलेच ठेवले. खुर्ची सावकाश फिरली, मंदावली आणि थांबली. मग भूमिका स्वतः बसली. हात आत घेतले की वेग. बाहेर नेले की पुन्हा हळू. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. दप्तरात विज्ञानाचं पुस्तक, डबा, ओला रुमाल. मंत्र कुठेच नव्हता.

आता तुम्हीच विचार करा, असं का होतं? फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे फिरण्याचा एक साठा असतो. मोठ्या वर्गात गेलात की त्याला कोनीय संवेग म्हणतील, नावाला घाबरू नका. हा साठा किती, ते तीन गोष्टींवर ठरतं: वजन किती आहे, ते मधल्या आसापासून किती दूर आहे, आणि फिरणं किती वेगात आहे. बाहेरून कोणी ढकललं नाही आणि घासून अडवलंही नाही, तर हा साठा बदलत नाही. मग वजन आसाजवळ आणलं तर? अंतर कमी झालं, साठा तर तेवढाच राहायचा आहे. म्हणून वेग वाढतो. वाढावाच लागतो.

पण इथे एक गंमत आहे, आणि मोठी माणसंही तिथे फसतात. साठा तेवढाच राहिला, तरी ऊर्जा मात्र वाढलेली असते. जोरात फिरणाऱ्या खुर्चीत हळू फिरणाऱ्या खुर्चीपेक्षा जास्त ऊर्जा असते, तिच्यात बोट घालून पाहू नका. ती जास्तीची ऊर्जा आली कुठून? आकाशातून नाही. फिरताना दप्तरं बाहेर पळू पाहतात, ती आत आणायला दंडांना जोर लावावा लागतो. तो जोर, ते काम, तीच ऊर्जा. भूमिकाच्या दंडांतून आलेली. सकाळी खाल्लेल्या पोळीतून आलेली.

भूमिकाला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या हे कळलं, अर्थात या शब्दांत नाही. तिला एवढंच कळलं, की दर गुरुवारी चौकी फिरवतं ते कोण. मग दुसरी गोष्ट कळली. आजीची सुई कोणामुळे बंद झाली आहे, ते. ती उठून बाहेर गेली आणि नळाखाली खांदा धुऊ लागली, शाळेचा स्वच्छ शर्ट घातलेला असताना.

"पागल हो गई क्या?" नीतू म्हणाली.

सप्टेंबरातली विश्वकर्मापूजा आली. भिलाईत या दिवसाचं फार. ज्यानं जे यंत्र हातानं बनवलं किंवा चालवलं, ते तो त्या दिवशी धुतो, पुसतो, हळदकुंकू लावतो आणि बंद ठेवतो. त्या दिवशी चाक फिरवायचं नाही. शिलाई मशीनसुद्धा झाकलेली असते. पप्पांनी आदल्या दिवशी चौकी कुरुदहून टेम्पोत घालून घरी आणली. त्यांच्या हातची वस्तू, तिची पूजा त्यांनीच करायची.

क्वार्टरच्या मागच्या पडवीत पप्पा चौकी उलटी करून बसले. बेअरिंग उघडलं, जुनं काळं ग्रीस चिंधीनं काढलं, नवं भरू लागले. आजी खाटेवर पाय लांब करून बसली होती. भूमिका शेजारी, फुलांची परडी घेऊन.

"कोरडं पडलं होतं सारं," पप्पा बोटानं ग्रीस दाबत म्हणाले. "मांगच्या गुरुवारी म्हणूनच देवी कमी आली. ग्रीस नाही तं देवी कशी येईन?"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते हसले.

आजीनं मान वळवून मुलाकडे पाहिलं. पप्पांचं हसू ओठांवरच राहिलं, कुठे जावं ते त्याला कळेना.

"पप्पा," भूमिका म्हणाली, "तुमाले माहीत आहे?"

"काय माहीत आहे?"

"देवी नाही येत. मी हात आत घेतो म्हणून फिरते. शाळेतल्या खुर्चीवर नीतू पण फिरली."

पप्पांनी चिंधीला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "पाहा बेटा, मी फिटर आहे. बेअरिंग काय करते ते मले नाही समजत का? पण लोकायले आधार भेटते. कोणाचं काही बिघडून राहिलं का?"

"आजीचा पाय बिघडून राहिला."

"हळू बोल!"

"मी आहो इथीच," आजी खाटेवरून म्हणाली. "बहिरी नाही झाली अजून."

पप्पांनी आवाज आणखी खाली आणला. "प्लांटमधी मले कोण विचारते? अठी महाराजांनी मले सेवाप्रमुख केलं. चार माणसं भाऊ म्हणतात. तू आता एवढ्याशा गोष्टीचा तमाशा करू नको. समजली?" आणि चौकी सरळ करून त्यांनी तिला झेंडूचा हार घातला. पाच बोटांनी कुंकू लावलं. अंगठ्यावर ग्रीस होतं, कुंकवात काळं मिसळलं.

भूमिकानं त्या अंगठ्याकडे पाहिलं. महाराजांचा अंगठा निदान परक्याचा होता.

पप्पा आंघोळीला गेले. आजी म्हणाली, "काय म्हणून राहिली होती तू? दाखव मले फिरवून."

"आज फिरवता नाही येत. विश्वकर्मा."

"हं. थे बी खरंच."

भूमिका आत गेली. जुन्या पेनची रिकामी नळी आणली, एक मजबूत दोरा, आणि पप्पांच्या डब्यातला एक नट, आपण बोल्टवर बसवतो तो, चांगला जड. दोरा नळीतून ओवला. वरच्या टोकाला नट बांधला, खालचं टोक आजीच्या हातात दिलं. "नळी डोक्याच्या वर धर. नट फिरव. गोल गोल. हां, अशी."

"हे चाक नाही का?"

"हा नट आहे."

"लुच्ची आहे पोट्टी," आजी म्हणाली, पण फिरवू लागली. तिनं जन्मभर जातं ओढलं होतं, मनगट अजून पक्कं होतं. नट मोठ्या गोलात घुमू लागला.

"आता नळी हलवू नको. नुस्ता दोरा खाली ओढ."

आजीनं ओढला. गोल लहान झाला आणि नट सूं सूं करत फिरू लागला, इतक्या जोरात की दिसेना.

"अग्गोबाई!"

"आता ढिला सोड, हळू."

नटानं दोरा वर खेचला, गोल मोठा झाला, वेग उतरला. आजीनं पुन्हा ओढला. पुन्हा सोडला. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद आला आणि मग तो हळूहळू ओसरला.

"हाताले ओढ लागते," ती म्हणाली. "जोर करा लागते आत घ्याले."

"तोच जोर, आजी. तोच फिरवते. आता कोणी मंत्र म्हटला?"

आजी नट हातात घेऊन बसली. मग मान हलवली. "नट नट आहे. देवी देवी आहे. इतके लोक येतात, सारेच का येडे आहेत?"

"मंग मी गुरुवारी हात नाही जोडत. पसरूनच ठेवतो. देवी येईन का नाही?"

"येईन ना. देवी का तुह्या हातायच्या भरोशावर बसली आहे?"

"आणि नाही आली तं? सुई घेशीन?"

आजीनं नट पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ घट्ट ओढली.

गुरुवार आला. टिनाखाली गरम होत होतं. आजी पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर, कारण तिला खाली बसवत नव्हतं. राखेनं भरलेला अंगठा चपलेच्या बाहेर. पप्पा सेवाप्रमुखाचा भगवा पट्टा घालून दाराशी चपलांच्या ओळी लावत होते.

चौकीवर नवी मखमल होती. भूमिका बसली. लोटे धरले. हात पसरले. महाराजांनी तिच्या खांद्यावर पंजा टेकवला, तो गरम आणि चिकट होता. गुटखा गालात सरकला. चौकी फिरू लागली, नव्या ग्रीसवर आवाजसुद्धा न करता.

मंत्र चढला. झांजवाले तयार.

"हाथ जोड़, बेटी!"

भूमिकानं हात जोडले नाहीत.

भिंत, आजी, दार, महाराज, भिंत, आजी. सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण वेग वाढलाच नव्हता. महाराजांना वाटलं, हिला ऐकू गेलं नसेल. "हाथ जोड़!" झांजा एकदा वाजल्या आणि लाजून थांबल्या. मंत्र पहिल्यापासून सुरू झाला, आणखी मोठ्यानं. ओला शब्द, लाल शिंतोडे. दंड भरून आले होते, खांद्यात कळ येत होती, लोटे खाली येऊ पाहत होते. तिनं ते वर उचलले. चौकी मंदावत गेली. नवं ग्रीस होतं, म्हणून फार वेळ लागला, आणि तो सगळा वेळ लोकांना बघावं लागलं. मग चौकी थांबली.

महाराजांनी पुन्हा ढकललं, जोरात. चौकी तेवढीच फिरली जेवढं त्यांनी ढकललं होतं. त्याहून जरासुद्धा जास्त नाही. ते वाकले आणि हसरा चेहरा तसाच ठेवून दातांतून तिला म्हणाले, "हाथ अंदर ले, लड़की. अंदर ले." तो तिसरा वास तिच्या तोंडावर आला. हात पसरलेलेच.

मागच्या रांगेतून गयाबाई, जी दर गुरुवारी दम्याच्या बाटलीसाठी यायची, मोठ्यानं म्हणाली, "महाराज, हात आत घेतल्याबिगर देवी येत नाही काय जी?"

कोणीतरी फिसकन हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं.

"आज बच्ची में दोष है!" महाराज सरळ होत म्हणाले. "इसने कुछ अशुद्ध खाया है. भूपेंद्र! दूसरी लड़की ला!"

पप्पा दाराशी उभे होते, हातात कोणाची तरी एक चप्पल. ते हलले नाहीत. पुढेही आले नाहीत. मुलीकडे बघत होते, आणि बघताना असे दिसत होते, की आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. तेवढंच त्यांच्याकडून झालं.

चौकी दुसऱ्यांदा थांबली.

आजी खुर्चीत पुढे वाकली होती. तिच्या बोटांनी पदराच्या टोकाची गाठ धरली होती. ती नातीकडे बघत नव्हती. महाराजांच्या त्या अंगठ्याकडे बघत होती, जो सवयीनं लोट्याकडे निघाला होता, कारण देवी येवो न येवो, बाटल्या तर भरायच्याच होत्या. नखाखालचं काळं तिला बहुतेक आजच दिसलं. तिनं तोंड असं केलं जसं जेवताना घासात केस यावा.

भूमिकानं लोटे मागे घेतले. अंगठा हवेतच राहिला.

ती चौकीवरून उतरली. डोकं गरगरत होतं, पाय वेडेवाकडे पडत होते. ती आजीच्या खुर्चीसमोर येऊन जमिनीवर बसली. एका लोट्याचं फडकं सोडलं. आत नळाचं पाणी होतं, अजून कोणी बोट न घातलेलं. तिनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं. आजीनं पाय पुढे केला.

भूमिकानं त्या पाण्यानं आजीच्या अंगठ्यावरची राख धुवायला सुरुवात केली. काळं पाणी चौकीच्या कडेपर्यंत वाहत गेलं. ती संपूर्ण राख निघेपर्यंत ओतत राहिली, आणि एक लोटा संपला तेव्हा तिनं दुसरा उघडला.